बोला मॅडम, दोन मिनिटं!

तुमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असणारच. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, दुपारी 'कुरिअर कुणाचं आलंय?' आणि रात्री नऊनंतर महापालिकेच्या नावानं शंख. आमचाही तस्साच. फ्लॅट 112, मेंबर 214 आणि झाडून सगळे वैतागलेले!

त्या सोमवारी मात्र वैतागायला खरंच कारण होतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी संध्याकाळी देवळातून परत येत होत्या. आमच्या कॉर्नरला फुटपाथ आहे, पण त्यावरून चालायला जागा नाही. म्हणून आजी रस्त्यावर उतरल्या. वरचा दिवा बंद. मागून बाइक आली. उजवं मनगट फ्रॅक्चर, कपाळाला चार टाके.

रात्री झोपेपर्यंत ग्रुपवर 187 मेसेज पडले. लाल चेहरे, हात जोडलेले चेहरे, कुठल्याशा परदेशी शहरातल्या चकाचक फुटपाथचा फोटो. कुणीतरी लिहिलं, 'यावर काहीतरी केलं पाहिजे.' त्याला 43 अंगठे आले. आणि मी बावळटासारखं लिहून बसले, 'कुणीतरी जाऊन बोलायला हवं ना?'

सेक्रेटरी काका टपूनच बसले होते. 'उत्तम! बुधवारी क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची मीटिंग आहे. सकाळी साडेअकरा. तूच जा.'

झालं! 213 लोक सुटले, मी अडकले.

(शहराचं नाव सांगत नाही. एक तर आमचे साहेब लगेच ओळखतील आणि दुसरं म्हणजे, तुमच्या शहरातही हे असंच आहे.)

बुधवारी मोकळं कोण असतं?

बॉसला म्हटलं, हाफ डे हवाय, महापालिकेत काम आहे. तो म्हणाला, "बर्थ सर्टिफिकेट?" मी म्हटलं, "नाही, मीटिंग आहे. नागरिकांची." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी निवडणुकीला उभी राहतेय.

दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी, डोक्यावर खडखडणारा पंखा. समोर टेबलामागे साहेब, शेजारी आमच्या प्रभागाच्या नगरसेविका ताई आणि मग रांगेनं रस्ते, पाणी, ड्रेनेज, विद्युत, अतिक्रमण अशा एकेका खात्याचे इंजिनिअर नाही तर निरीक्षक. आमच्या बाजूला तीसेक माणसं. सरासरी वय साधारण त्रेसष्ट! लॅपटॉपची बॅग घेऊन आलेली मी एकटीच. मागच्या रांगेत पलीकडच्या वस्तीतल्या सात-आठ बायका एकमेकींना खेटून बसलेल्या.

मला हसूच आलं. आठवड्याच्या मधल्या वारी, भर ऑफिसच्या वेळेत मीटिंग ठेवली तर येणार कोण? ज्यांना ऑफिस नाही ते, आणि नाहीतर ज्यांचं घरातलं पाणी इतकं वर आलंय की रोजंदारी बुडाली तरी चालेल, ते. आपण या दोन्हींच्या मधले. आपण ट्वीट करतो.

पहिले चार काका बोलले. एकेक जण दहा-दहा मिनिटं. एकाचा विषय कुत्र्यांवरून सुरू झाला आणि 1972 च्या दुष्काळावर संपला. साहेब माना डोलवत होते आणि समोरच्या कागदावर चौकोन काढत होते. लांबून मला वाटलं, नोट्स घेतायत!

मग वस्तीतली एक बाई उठली. हातात पोराची शाळेची वही. म्हणाली, "साहेब, आमच्या गल्लीत पाणी कधी येतं ते लिहून आणलंय. 21 दिवस." आणि वाचायलाच लागली. एक तारखेला पहाटे तीन वाजून दहा मिनिटं, अर्धा तास. दोन तारखेला आलंच नाही. तीन तारखेला पहाटे पावणेतीन, वीस मिनिटं. नऊ तारखेपर्यंत आली तेव्हा पाणीखात्याचे इंजिनिअर खुर्चीत सरळ बसले होते आणि साहेबांचे चौकोन थांबले होते. तिनं कुणाला शिवी दिली नाही, जमाना बिघडला असंही म्हटलं नाही. वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "याची झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा. वही पोराची हाय, उद्या शाळेत लागंल."

दोन मिनिटंही झाली नसतील. साहेबांनी तिथल्या तिथे विचारलं, "व्हॉल्व्ह कोण सोडतं तिकडे? वेळ का पाळत नाही?"

मी नोकरीत काय करते माहितेय? डेटा अ‍ॅनालिसिस. पोटापाण्यासाठी दिवसभर एक्सेल भरते. आणि त्या मीटिंगला मी 187 मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन गेले होते!

पोल नंबर सांगा!

"बोला मॅडम, दोन मिनिटं."

मी उठले आणि सुटलेच. ट्रॅफिक, कचरा, खड्डे, दिवे, फेरीवाले, रात्री वाजणारे डीजे. साहेबांनी हात वर केला.

"मॅडम, अर्ज आणलाय का?"

"नाही... म्हणजे मेल करू शकते."

"दिवा बंद म्हणता. कधीपासून? पोल नंबर काय?"

पोल नंबर? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला नंबर असतो हे मला तेव्हा कळलं. सहा वर्षं मी त्या खांबाखालून रोज जातेय. घाम फुटला. आता काहीतरी ठोस बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "सर, मेन प्रॉब्लेम फेरीवाल्यांचा आहे. फुटपाथ त्यांनी अडवलाय, म्हणून लोकांना रस्त्यावर उतरावं लागतं. परवा आमच्या आजींचा अपघात झाला. त्यांना तिथून हटवा."

काकांच्या रांगेतून 'बरोबर, बरोबर' आलं. अतिक्रमणवाल्यांनी डायरी उघडली. मला जरा बरं वाटलं. विषय निदान मार्गी लागला!

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी बोलू का?"

वळून पाहिलं. मावशी! आमच्या कॉर्नरवरच्या भाजीवाल्या मावशी. मांडीवर पिशवी, पिशवीत कागद. मी त्यांना कॉर्नरशिवाय दुसरीकडे कुठे पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओळखायलाच दोन सेकंद गेली.

"ताई," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोज आठ वाजता माझ्याकडनंच मेथी नेता की तुम्ही."

सगळा हॉल हसला. मला कुठे लपू असं झालं. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"आजी पडल्या तवा मी तिथंच हुते. मीच त्यांना रिक्षात घातलं. दिवा गणपतीच्या आधीपास्नं बंद हाय, पानटपरीजवळचा. आमी एका रांगेत मागं सराया तयार हाय. पण साहेब, फुटपाथवर निम्मी जागा त्या लाइटच्या डबड्यानं खाल्लीय. आन् फुडं या ताईंच्या सोसायटीचा उतार आलाय बाहेर, गाड्या चढवायला. आजी तिथं खाली उतरल्या. आमच्यापाशी न्हाई."

तो उतार! आमचा रॅम्प! पार्किंगमध्ये गाड्या चढवताना खालून घासतात म्हणून तीन वर्षांपूर्वी सोसायटीनंच काँक्रीट टाकून पुढे वाढवला होता. फुटपाथवर. ठरावाच्या बाजूनं मीसुद्धा हात वर केला होता.

साहेब म्हणाले, "शुक्रवारी जॉइंट साइट व्हिजिट करू." पुढचा विषय, डास.

आजोळी बोलता येतं, इथे नाही

घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझं आजोळ छोट्या गावात आहे. तिथे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा तारखांना ग्रामसभा भरते. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. माझ्या मामीचं शिक्षण सातवी, पण ती ग्रामसभेत उठून सरपंचाला विचारते, 'टाकीचे पैसे गेले कुठं?' तिला कुणाची परवानगी लागत नाही. तो तिचा हक्कच आहे.

आणि मी? एमबीए, शहरात राहणारी, प्रॉपर्टी टॅक्स वेळेत भरून सवलत घेणारी. महापालिकेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, पण आपण गॅलरीत बसायचं आणि ऐकायचं. आपण बोललो तर मार्शल बाहेर काढतील. बोलायचं नगरसेवकांनी. आणि नगरसेवकच नसतील तर? राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत 2020 ते 2023 च्या दरम्यान संपली. पुणे आणि मुंबईची 2022 च्या मार्चमध्ये. निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात होता. म्हणजे तेवढा काळ सभागृहात आपल्या वतीनं बोलायला कुणीच नव्हतं, आणि खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणांच्या ते लक्षात आलं?

गंमत म्हणजे कागदावर शहरातल्या माणसालाही आवाज आहे. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्याकडच्या कायद्यात त्या समितीवर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमायची सोय आहे. पुढे 2009 मध्ये राज्यानं कायद्यात 'क्षेत्रसभा' आणली. दोन ते पाच मतदान केंद्रांचा मिळून एक भाग आणि त्यातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. शहरातली ग्रामसभाच म्हणा ना! तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेलाय? मीही नाही. पुण्यातल्या नागरिक संघटना वर्षानुवर्षं ती मागतायत.

कॉलेजमधली एक मैत्रीण कॅलिफोर्नियात असते. ती तिच्या घराजवळच्या क्रॉसिंगसाठी तिथल्या सिटी कौन्सिलपुढे बोलून आली. तिथे 1953 पासून 'ब्राउन अ‍ॅक्ट' नावाचा कायदा आहे. सभा उघड्यावर घ्यायची, विषयपत्रिका आधी लावायची आणि लोकांना बोलू द्यायचं. बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. घड्याळ सुरू होतं, वेळ संपली की माइक पुढच्याकडे. मी म्हटलं, "मस्त! मग झालं क्रॉसिंग?" ती म्हणाली, "छे गं! चार वेळा गेले. आता सर्व्हे सुरू झालाय." ऐकून उगाचच बरं वाटलं.

आपल्याकडेही एकदम अंधार नाही हं. पुणे महापालिकेनं 2006-07 पासून नागरिकांना बजेटमध्ये थेट कामं सुचवायची सोय केली. फुटपाथ, दिवे, बसस्टॉप अशी पाच लाखांपर्यंतची कामं. साधा एक फॉर्म भरायचा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा 2013 मध्ये जाहीर झाला, तेव्हा लोकांनी 80 हजारांहून जास्त हरकती आणि सूचना दिल्या. त्यावर समितीपुढे सुनावणी घ्यावी लागली, कारण 1966 च्या नगररचना कायद्यातच तसं लिहिलंय. झाड तोडायचं असेल तर त्या झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी मुदत द्यावी लागते, हेही 1975 च्या कायद्यात आहे. थोडक्यात, दारं बरीच आहेत. पण त्यांच्यावर पाटी नाही आणि ती उघडतात ऑफिस अवर्समध्ये!

एक ओळ चुकली...

इथवर तुम्हाला वाटलं असेल, छान, एक दिवस मीटिंगला गेली, डोळे उघडले, लेख संपला. मलाही तसंच वाटलं होतं.

साइट व्हिजिट शुक्रवारची सोमवारवर गेली, पण झाली. विद्युत खात्याच्या माणसानं खांबावर चढून वायर बदलली. मीटिंगनंतर नवव्या दिवशी दिवा लागला. सोसायटीच्या ग्रुपवर माझा सत्कार! 61 टाळ्या, दोन केक. सेक्रेटरी काकांनी लिहिलं, 'हिला म्हणतात यंग जनरेशन.' मी लगेच 'टीम एफर्ट' वगैरे टाइप करून टाकलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी संध्याकाळी आठला कॉर्नरवर गेले, तर मावशींची जागा रिकामी. शेजारचा नारळवाला म्हणाला, "दुपारी अतिक्रमणची गाडी आली होती. वजनकाटा, छत्री, दोन क्रेट भाजी, सगळं उचललं."

मी घरी येऊन मेल उघडला. मीटिंगच्या हजेरीपटावर मेल आयडी लिहिला होता, त्यावर बैठकीचं इतिवृत्त आलेलं होतं. न वाचता तसंच पडलं होतं. पान दोन, मुद्दा सात. 'पदपथावरील पथविक्रेत्यांमुळे अपघात होत असल्याची तक्रार एका महिला नागरिकाने केली. अतिक्रमण विभागाने तातडीने कार्यवाही करावी.'

बस्स. मावशी बोलल्याच नव्हत्या. लाइटचं डबडं नव्हतं, आमचा रॅम्प नव्हता. 'आम्ही मागे सरकतो' नव्हतं. हॉलमधल्या तीस माणसांनी जे ऐकलं, त्यातलं कागदावर आलं फक्त माझं अर्धवट, घाबरून बोललेलं वाक्य. आणि गाडी कागद वाचून आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आजवर महापालिकेत माझं कुणी ऐकत नाही अशी माझी तक्रार होती. या वेळी ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकलं होतं!

हाफ डे, नंबर दोन

दुसऱ्या दिवशी मावशींना फोन केला. नंबर होता, कारण त्या यूपीआयवर पैसे घेतात. वाटलं, चिडतील. म्हणाल्या, "ताई, तुमी काय मुद्दाम केलंत व्हय? पर काटा बाराशेचा हाय."

मग मी तो कायदा काढला. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात म्हटलंय की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जात नाहीत तोवर विक्रेत्याला हलवायचं नाही. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच परत करायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. मावशींच्या पिशवीतले कागद सर्वेक्षणाच्या पावतीचे होते. प्रमाणपत्र कधी मिळालंच नव्हतं. त्या मीटिंगला आल्या होत्या ते मुळात त्यासाठीच. माझ्यामुळे त्यांचा स्वतःचा प्रश्न विचारायचा राहिला.

दंड भरून काटा आणि छत्री परत मिळाली. भाजी सडली होती. दंडाचे पैसे मी देऊ केले, मावशींनी अर्धेच घेतले. "अर्दी चूक तुमची," म्हणाल्या. हिशेब पक्का!

आणि मग मी पुन्हा हाफ डे टाकला. बॉस म्हणाला, "पुन्हा बर्थ सर्टिफिकेट?" मी म्हटलं, "नाही. या वेळी करेक्शन आहे."

खरंच होतं. कुठल्याही सभेत पहिला विषय असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि चहा येतो. पण चूक दुरुस्त करायची जागा तीच. मी हात वर केला. या वेळी हातात एक पानाचा अर्ज होता. मुद्दा एकच, पोल नंबरसकट. फुटपाथची मोजमापं टेपनं घेतलेली. एकूण रुंदी सहा फूट, डब्यापाशी उरते अडीच, आमच्या रॅम्पपाशी शून्य. चार फोटो. खाली तीन सह्या. माझी, मावशींची आणि आजींची. आजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांनी डाव्या हातानं केली. लहान मुलाच्या अक्षरासारखी आलीय, पण आहे.

अर्ज वाचायला एक मिनिट चाळीस सेकंद लागली. घरी आरशासमोर टायमर लावून प्रॅक्टिस केली होती, उगाच का! साहेब म्हणाले, "रॅम्प तुमच्याच सोसायटीचा ना? तुम्हीच तक्रार देताय?" मी म्हटलं, "हो सर. तेही लिहा."

या वेळी लिहिलं गेलं.

पिक्चर अभी बाकी है

आज काय परिस्थिती आहे? दिवा चालू आहे. विक्रेत्यांसाठी फुटपाथच्या कडेला पांढरी रेघ मारलीय आणि मावशी रेघेच्या आत बसतात. झाडाची सावली मात्र रेघेच्या बाहेर राहिली, म्हणून दुपारी भाजीवर ओलं पोतं टाकावं लागतं. प्रमाणपत्राचं 'प्रक्रिया सुरू आहे'. डबडं हलवायला विद्युत कंपनीला पत्र गेलंय. वस्तीत पाणी आता पहाटे साडेपाचला येतं. रोज नाही, पण येतं. ती बाई अजूनही लिहिते, आता नव्या वहीत.

आणि आमचा रॅम्प? सोसायटीची खास सभा झाली. अडीच तास. 'गाड्या खालून घासतील त्याचं काय?' या मुद्द्यावर एकमत झालं, फुटपाथच्या मुद्द्यावर झालं नाही. केक पाठवणाऱ्यांपैकी दोघांनी माझ्याशी बोलणं बंद केलंय. पुढची तारीख पुढच्या महिन्यात. त्या सभेला आजी येणार आहेत. म्हणाल्या, "मला आधी बोलू दे. मला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत."

तर मंडळी, 187 मेसेजनी एक बल्ब लागला नाही, आणि मीटिंगमधल्या एका वाक्यानं एक वजनकाटा उचलला गेला. आपला आवाज पोचत नाही हे आपण रोज म्हणतो. पोचतो हो! म्हणून तर तोंड उघडायच्या आधी पोल नंबर बघून ठेवायचा, आणि कॉर्नरवरच्या मावशींना एकदा विचारून घ्यायचं.

येत्या बुधवारी सकाळी साडेअकरा. कोण येतंय?

मीटिंगला जाताय? हे वाचाच!

● एका वेळी एकच विषय. सहा विषय म्हणजे शून्य विषय.

● अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन आपल्याकडे. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

● जागा नेमकी सांगा. पोल नंबर, दुकानाचं नाव, चौक. 'आमच्याकडे' नावाचा पत्ता महापालिकेच्या नकाशावर नाही.

● तारखा आणि वेळा लिहून ठेवा. शाळेची वही चालेल.

● ज्याच्याबद्दल तक्रार आहे, त्याच्याशी आधी पाच मिनिटं बोला. निम्मी माहिती तिथेच मिळते.

● इतिवृत्त मागून घ्या आणि वाचा. चूक असेल तर पुढच्या बैठकीत, चहा यायच्या आत, हात वर करा.

● मोहल्ला कमिटीत काम झालं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे कॅलेंडरवर आजच खूण करा.

● एकट्यानं जाऊ नका. चौघांनी आळीपाळीनं हाफ डे टाकला तर वर्षाला प्रत्येकी तीनच पडतात. सिक लीव्हपेक्षा कमीच!